मुडशिंगीची मोटर

कोल्हापुरात मोटर म्हणजे नदीवर बसवायची मोटर. ती पाणी ओढते आणि उसाला पाजते. दुसरी मोटर म्हणजे जिच्यात बसून माणसं लग्नाला जातात ती. तिसरी मोटर असते हे आमच्या गावाला ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. म्हणून उद्यमनगरातल्या दुकानात जाऊन मी "एक मोटर पाहिजे" म्हटल्यावर दुकानदारानं साहजिकच विचारलं, "किती हॉर्सपॉवर? पाच का साडेसात?"

"रॉकेटची पाहिजे."

"ह्या कंपनीची न्हाय आमच्याकडं," तो म्हणाला. "दुसरी दाखवू? सिंगल फेज का थ्री फेज?"

एरवी मी हसले असते. पण तोवर चार-पाच दुकानं पालथी घालून झाली होती आणि घरी माझा भाऊ वाट बघत बसला होता. माझा भाऊ कशाची तरी वाट बघतोय, हीच मुळात आमच्या घरात नवलाची गोष्ट होती.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. वडील लवकर गेले होते. घरात आई, मी आणि माझ्याहून मोठा दादा. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. तिसऱ्या वर्षाला असताना एक दिवस ट्रंक घेऊन परत आला, मधल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपला, आणि वर्ष उलटलं तरी तसाच होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, करणी. मामी म्हणाल्या, लाड. डॉक्टर म्हणाले, मनाचा आजार आहे, जपा. कसं जपायचं ते मात्र कुणीच सांगितलं नाही. गोळ्या दिल्या, त्यानं तो जास्तच झोपायला लागला.

आईनं परसातल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि तिला कुलूप घातलं. मला सांगितलं, मांजर पडतं म्हणून. आमच्याकडे मांजर नव्हतं. शाळेत फळ्यावर गणित सोडवताना मधेच मी घड्याळ बघायची, आणि सुटी झाली की मी घरापर्यंत जवळजवळ पळतच यायची. दारातून आधी दादाची पाठ दिसायची. पाठ हलतेय असं दिसलं की मग चप्पल काढायची.

अशात अमेरिकेतला मामा सुटीवर आला. त्यानं सेंटं आणली, चॉकलेटं आणली, आणि दादासाठी एक लांबडं खोकं आणलं. आत रॉकेटचे सुटे भाग होते. जाड पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लॅस्टिकचं टोक, बाल्सा नावाच्या फुलासारख्या हलक्या लाकडाचे पंख, वरून सावकाश खाली उतरायला रेशमी कापडाची छत्री आणि एक पुस्तिका. जोडून उभं केलं की माझ्या खांद्याला लागेल एवढं मोठं. मामा म्हणाला, "खोटं नाही बरं, खरंच उडतं. मोटर तेवढी नाही, विमानात आणू देत नाहीत." मला मनातून मामाचा रागच आला. उठून पाणी न पिणाऱ्या माणसाला हा रॉकेट देतोय. ज्याला दात नाहीत त्याला चणे.

मामा गेला, आणि नंतर एका सकाळी मी आंघोळ करून आले तर दादा जमिनीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात सगळे भाग मांडलेले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पण तो बसला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तो वर न बघता मला म्हणाला, "मोटर बघ कुठं मिळतीय काय." त्या एका वाक्यावर मी उद्यमनगर हिंडले.

रिकाम्या हातानं परत आले आणि थ्री फेजची गोष्ट सांगितली, तेव्हा दादाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग त्यानं मला समजावून सांगितलं. वर्षभरात तो एका दमानं एवढं बोलला नव्हता. रॉकेटची मोटर म्हणजे दारू ठासलेली कागदी नळी. पुस्तिकेत चालतील अशा तीन मोटरी दिल्या होत्या. त्यांना नावं नव्हती, अक्षरं आणि आकडे होते. अक्षर म्हणजे मोटरीत एकूण जोर किती. पुढचा आकडा म्हणजे तो जोर कसा मिळणार, हळूहळू की दणक्यात. शेवटचा आकडा म्हणजे दारू संपल्यावर किती सेकंदांनी छोटा बार उडून छत्री बाहेर पडणार. "चुकीची निवडली तर छत्री वर जातानाच उघडतीय नाहीतर जमिनीवर आपटल्यावर," तो म्हणाला. मी मान डोलावत होते, पण माझं लक्ष त्याच्या हातांकडं होतं. बोलताना त्याचे हात हलत होते.

"म्हणजे बाणच की," आई आतून म्हणाली. "जत्रेत सोडतात तसला."

आमच्या घरातला खरा इंजिनिअर तीच होती असं मी पुढं बरेच दिवस म्हणायची.

गडमुडशिंगीला शोभेची दारू करणारं एक मुसलमान घराणं होतं. आसपासच्या जत्रा, उरूस, वराती सगळ्यांना बाण आणि नळे त्यांचेच. घरातल्या कर्त्या माणसाला सगळे चाचा म्हणत. "मी जातो मुडशिंगीला," मी म्हटलं. आमच्याकडं बायकाही जातो-येतोच म्हणतात. दादा पुण्याला गेला तेव्हा तिथली पोरं त्याला यावरून चिडवायची, हे त्यानंच एकदा सांगितलं होतं.

चाचांनी खोक्यावरचं चित्र लांब धरून बघितलं. "बाण हाय की ह्यो. पर काडी कुठाय?"

"काडी नाही चाचा. शेपटीला पंख आहेत, त्यावर सरळ जातं."

"बिनकाडीचा बाण म्हंजे बिनशेपटीचं वांदर. कुठं उडी मारंल सांगता यायचं न्हाय." पण चित्र त्यांच्या मनात भरलं होतं. त्यांच्याकडं तीन जाडीच्या नळ्या होत्या. बारकी, मधली आणि उरुसाला सोडायची मोठी. दादाचं माप आणि त्यांचं माप कुठंच जुळत नव्हतं. रॉकेटातलं मोटर बसवायचं भोक चाचांच्या बारक्या नळीलाही अरुंद होतं. आणि बारकीत एवढं धूड उचलायचा जोरच नव्हता.

तिथून दादाचं काम सुरू झालं. त्यानं शेपटीतली आतली नळी कापून काढली आणि मधल्या मोटरीच्या मापाची दुसरी बसवली. ती मधोमध राहावी म्हणून प्लायवूडच्या चकत्या कापल्या. रोज सकाळी तो उठत होता. दाढी केली. आई रोज शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "आणि एक भाकरी वाढू?"

पण पुस्तिकेत एक गोष्ट ठळक छापली होती. रॉकेटचं वजन पुढं पाहिजे, शेपटीत नको. शेपूट जड झालं की रॉकेट हवेत उलटतं. देशी मोटर जड, प्लायवूड जड, सगळं शेपटीला. मग वजन सावरायला टोकात शिसं भरायचं. मी पंचगंगेच्या घाटावर जाऊन भोयांकडून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी आणले. रॉकेटच्या मध्याला दोरी बांधून गच्चीवर मी ते डोक्याभोवती गरागरा फिरवायचं. टोक पुढं राहिलं तर पास, शेपूट पुढं आलं तर नापास. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका वाळवण सोडून बघायच्या. बाईंना पण लागण झाली, असं कुणीतरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. म्हणू देत, मला कुणाची भीडभाड राहिली नव्हती.

शिसं भरलं की टोक पुढं राहायचं, पण वजन वाढायचं. मधल्या मोटरीला ते पेलेना असं दादाचं गणित सांगायचं. मी ते गणित ताडून बघायची आणि तेच उत्तर यायचं. मग मोठी मोटर घ्यायची. मोठी मोटर अजून जड, म्हणजे शेपूट अजून जड, म्हणजे टोकाला अजून शिसं, म्हणजे अजून मोठी मोटर. घाण्याचा बैल तरी तेल काढतो, आम्ही नुसतेच फिरत होतो. चाचांनी मोठी मोटर शेतात गाडून पेटवून बघितली तर ती पिकल्या पपईसारखी फुटली. "उरुसाला काडीवर मोकळी जातीया, आत जखडली की फुटतीया," ते म्हणाले. "ही मी द्यायचो न्हाय."

ते ऐकून दादा दुपारी पडून राहिला. भिंतीकडं तोंड करून. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जबरदस्तीनं उठवून मुडशिंगीला घेऊन गेले. त्याच्यासमोर चाचांनी मधली मोटर पेटवून दाखवली. ती सरळ, एकसारखी जळली. दादा वाकून बघत होता. मग तो म्हणाला, "दोन नळ्या घरी द्या. वजन करून बघायचंय." चाचांनी त्याला माठातलं पाणी आणायला घराकडं धाडलं आणि मला बाजूला घेतलं.

"बाई, रागावू नगा. मी दारू देताना माणूस बघतो. माझ्या बापानं मला तेच शिकीवलंय. ज्याचं जगण्यावर मन न्हाय त्याच्या घरात दारू जायाची न्हाय. तुमच्या भावाच्या डोळ्यात बघितलो मी."

मी त्यांच्यावर अक्षरशः ओरडले. काय बोलले ते आठवत नाही. वर्षभर आई आणि मी जी गोष्ट विहिरीच्या कुलुपात बंद करून ठेवली होती, ती या परक्या माणसानं भर उन्हात उघडी करून ठेवली होती. ओरडता ओरडता मी तिथंच बांधावर बसून रडायला लागले. म्हटलं, "चाचा, तुमची मोटर नाही मिळाली तर हे काम थांबेल. काम थांबलं तर तो झोपेल. आणि यावेळी झोपला तर आम्हाला तो उठवता यायचा नाही."

चाचांनी उरलेल्या नळ्या गोळा करून पिशवीत घातल्या. मग म्हणाले, "मोटर हितं ऱ्हाईल. माझ्या हातानं मी बसीवणार. ज्या दिशी सोडायचं त्या दिशीच. चाललं?"

दादाला मी सांगितलं, दारू घरी न्यायला परवाना लागतो. त्याचा विश्वास बसला की नाही ठाऊक नाही. त्यानं फक्त म्हटलं, "बरं."

आता मधलीच मोटर वापरायची हे ठरलं, म्हणजे रॉकेटचं वजन कमी केलंच पाहिजे. दादानं रंग घासून काढला. चकत्यांना भोकं पाडली. तरी भागेना. एका संध्याकाळी शाळेच्या वह्या तपासत मी त्याच्याजवळ बसले होते, आणि तो अगदी सहज म्हणाला, "छत्री काढून टाकू. छत्री, दोर, ती उघडायला चाचा नळीच्या डोक्यात भरणार तो बार, सगळं. बरंच वजन जाईल."

"मग खाली कसं येणार?"

"परत यायलाच पाहिजे असं कुठाय?"

त्यानं मान वर केली नव्हती. सँडपेपरचा आवाज चालूच होता. माझ्या हातातला पेन वहीवर तसाच टेकून राहिला आणि शाईचा डाग पडत गेला. मी इतकी घाबरले होते की मला राग आला. भीती वाटली की चिडायचं, हा माझा स्वभाव आहे, जन्माचा.

"छत्री राहणार," मी म्हटलं. "छत्री नसंल तर मोटर न्हाय. मी चाचांना सांगून ठेवतो."

"अगं, उडणारच न्हाय ते."

"नाही उडलं तर नाही उडलं. सोडायचं तर परत आणायचं. न्हायतर आत्ता चुलीत घालतो बघ सगळं."

त्यानं सँडपेपर खाली ठेवला. आईच्या हातातलं भांडं आत वाजायचं थांबलं होतं. मी काय बोलतेय ते त्याला कळलं होतं, आणि कळलंय हे मलाही कळलं होतं. पण आम्ही दोघंही छत्रीबद्दलच बोलत राहिलो. छत्रीबद्दल बोलता येत होतं हेच त्या दिवसांत पुष्कळ होतं.

दोन-तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग एका सकाळी मला हलवून उठवलं आणि म्हणाला, "पंख मोठे करायचे." मी डोळे चोळत बसले होते. तो म्हणाला, टोक जड करण्याऐवजी शेपटीचे पंख रुंद केले, तरी वारा शेपटीलाच धरून ठेवतो आणि रॉकेट सरळ राहतं. मग एवढं शिसं लागतच नाही. शिसं नाही म्हणजे वजन नाही. म्हणजे मधली मोटर पुरे, आणि छत्रीही राहते. बाल्सा लाकूड कोल्हापुरात कुठून मिळणार, तर सावंतवाडीला खेळणी ज्या पांगाऱ्याची करतात त्या पांगाऱ्याच्या पातळ फळ्या मी एका सुताराकडून आणवल्या. दादानं कापून, घासून मोठे पंख बसवले. टोकातले मणी काढत काढत मूठभरच ठेवले. मी गच्चीवर फिरवलं. टोक पुढं. पुन्हा फिरवलं. टोक पुढंच. त्या दिवशी त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या आणि आईनं पाचवी न विचारताच वाढली.

सोडायचं कुठं यावर घरात चर्चा झाली. कळंब्याकडचं माळरान मोकळं होतं, पण तिथं तुरुंग. तुरुंगावरून बाण सोडला तर आपणच आत, असं दादा म्हणाला. त्यानं विनोद केला होता. आई हसत हसत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शेवटी चाचांच्याच शेताशेजारच्या, ऊस तुटून गेलेल्या रानात सोडायचं ठरलं. सकाळची वेळ होती, वारा पडलेला. आई आयुष्यात पहिल्यांदा मुडशिंगीला आली होती. चाचांनी स्वतः मोटर बसवली आणि आम्हाला लांब उभं केलं. वात लांब ठेवली होती, ती दादानं पेटवली आणि तो पळत माझ्याकडं आला. त्यानं माझं मनगट धरलं. मी देवाला म्हणत होते, उडू दे, एवढं उडू दे, मग काहीही मागणार नाही. माझी खात्री होती की आमचं सगळं त्या नळीत आहे.

ते उडलं. थोडंसुद्धा उलटं नाही, वाकडं नाही. फूस् करून धूर सोडत सरळ वर गेलं, इतकं वर की ते दिसेना. मग आभाळात टप्प असा बारका बार झाला आणि लाल-पांढरी छत्री उघडली. चाचा टाळ्या वाजवत होते. "बिनकाडीचं, बिनकाडीचं गेलं की," असं ते भेटेल त्याला सांगत होते. आई शेतातच बसली आणि मातीला हात लावून कपाळाला लावला. रॉकेट शेजारच्या उभ्या उसात उतरलं. दादा आत शिरून ते घेऊन आला. एक ओरखडा नव्हता. मी त्याला मिठी मारली, भर रानात, सगळ्यांसमोर.

घरी आल्यावर त्यानं रॉकेट कोपऱ्यात उभं केलं. हातपाय धुतले. आईनं शिरा केला होता, तो दोन घास खाल्ला. मग मधल्या खोलीत जाऊन आडवा झाला. दमला असेल असं आम्ही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तो उठला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसले आणि विचारलं, "काय झालं रे? एवढं चांगलं उडलं."

"उडलं की," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "झालं की."

मला तेव्हा कळलं. त्याला उडणं नकोच होतं. त्याला रोज सकाळी कुठलं तरी अडलेलं काम पाहिजे होतं. शेपूट जड आहे, शिसं जास्त झालंय, मोटर फुटतेय, यावर तो जगत होता. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, देव पाण्यात घालून, ते काम संपवलं होतं. मी हे आईला स्वयंपाकघरात सांगितलं. ती भाजी चिरत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, दारातून नेहमीसारखी आधी दादाची पाठ बघितली. हलत होती. आई त्याच्या अंथरुणाशी उभी होती आणि जमिनीवर रॉकेट आडवं पडलं होतं. चारही पंख मोडलेले, शेपटीची नळी चेपलेली, टोक फुटलेलं.

"हे बघ रे," आई म्हणत होती, "माझ्या हातनं पडलं."

कूस न बदलता दादानं हात मागं आणला आणि मोडलेल्या पंखाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"पडून असं मोडत न्हाय, आई. ह्याच्यावर काय घातलंयस?"

"वरवंटा."

मला वाटलं, आता हा पुन्हा कधी आमच्याकडं तोंड करणार नाही. पण तो वळला. आईकडं बघितलं. तिच्या हातात वरवंटा तसाच होता, त्याला पांगाऱ्याचा पांढरा भुसा लागलेला.

"का?" त्यानं विचारलं.

"तू जोड," आई म्हणाली. "तू जोडलास की मी परत मोडतो. तू जोडत जा, मी मोडत जातो."

"किती दिवस?"

"मी हाय तवर."

दादा उठून बसला. मोडलेला एक पंख त्यानं मांडीवर घेतला आणि त्याच्याकडं नुसता बघत राहिला. आई उंबऱ्यात बसली. वरवंटा तिनं खाली ठेवला नाही.